सुभेदाराचं पथ्य

“कुत्रा कोणता आहे?” दुकानातल्या बाईंनी विचारलं.

“चांगला आहे,” मी म्हणालो.

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग, बहुधा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून, त्यांनी हसू आवरलं. “तसं नाही काका. जात कुठली? लॅब्रेडॉर, पॉमेरियन, अल्सेशियन?”

“गावठी. विटकरी रंगाचा. उजवा कान पडलेला.”

“वय काय?”

ते मला ठाऊक नव्हतं. दादानं त्याला धरणाच्या कामावरून जीपमध्ये घालून आणलं तेव्हा तो ओंजळीत मावत होता, एवढं आठवत होतं. ते वर्ष कुठलं, हे काही केल्या आठवेना.

“मधलं,” मी म्हणालो.

“आणि सध्या खातो काय?”

“सध्या काहीच खात नाही. त्यासाठीच आलोय.”

बाईंनी भिंतीकडे हात केला. तिथं खालपासून वरपर्यंत पिशव्या रचलेल्या होत्या. मी जन्मभर सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. समोरच्याला काय हवंय हे त्यानं धड न सांगताही ओळखायचं आणि नेमकं पुस्तक काढून द्यायचं, हे माझं काम. ते मला बरं जमतं असं लोक म्हणत; मला स्वतःला तशी खात्री कधीच नव्हती. त्या भिंतीसमोर तर उरलीसुरलीही गेली. एक पिशवी पिलांसाठी, एक म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी, एक केस चमकदार व्हावेत म्हणून, एक सांधे दुखणाऱ्यांसाठी. प्रत्येक पिशवीवर एक हसरा कुत्रा. मी चष्मा वर सरकवून पिशव्यांच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचत राहिलो. ज्याचा माणूस गेलाय अशा कुत्र्यासाठी काही आहे का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ज्या पिशवीवरच्या कुत्र्याचा एक कान पडलेला होता, ती घेऊन घरी आलो.

वहिनींनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. “हे कसलं हो भाऊजी? चिंचोक्यासारखं दिसतंय.”

“यात सगळं असतं म्हणे.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे… पाठीमागं लिहिलंय.”

सुभेदारानं थाळीतला एक दाणा हुंगला. माझ्या समाधानासाठी असेल, तो अलगद तोंडात धरला. दादाच्या आरामखुर्चीपाशी गेला, दाणा खुर्चीखाली ठेवला, आणि त्याच्या शेजारी हनुवटी टेकून पडून राहिला. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

दादाला जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला, मोठ्यानं हसणारा, मोठ्यानं शिंकणारा माझा थोरला भाऊ एका सकाळी दाढी करताना गेला. त्याच्या घरात पुढच्या खोलीत मी राहायचो. माझं लग्न झालं नाही. जमलं नाही की मी जमू दिलं नाही, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. दादा होता तोवर या घरात मी पाहुणा की घरचा, असा प्रश्न पडला नव्हता. दादा गेला आणि घरात मी, वहिनी आणि सुभेदार असे तिघं उरलो. तिघंही कमी बोलणारे.

दर रविवारी वैजूचा पुण्याहून फोन यायचा. वैजू म्हणजे वैजयंती, दादाची एकुलती एक मुलगी. फोन दिवाणखान्यात आणि माझी खोली त्याला लागून, त्यामुळं वहिनींचं बोलणं मला न ऐकण्याची सोय नव्हती. पुस्तक डोळ्यांसमोर धरून मी ते ऐकायचो.

“अगं येणार आहे, नाही कुठं म्हणतेय?… हो, नातीची आठवण येते की… पण याचं असं झालंय ना. अंगात काही राहिलं नाही गं. आजारी कुत्रं भाऊजींच्या गळ्यात टाकून कशी येऊ?… तुझ्याकडं कसा आणणार? जावईबापूंना दमा. केस उडतात याचे… हो. हो. बरा झाला की येते. मग भाऊजी सांभाळतील एकटे. नक्की.”

म्हणजे हिशेब सरळ होता. सुभेदार गेला तर वहिनी जाणार. सुभेदार बरा झाला तरी वहिनी जाणार. तो जितके दिवस आजारी, तितके दिवस घरात संध्याकाळी दिवा लागणार, सकाळी चहाला दोन कप निघणार, आणि कुणीतरी आतून “भाऊजी, गार होतंय हं” म्हणणार. आपल्या मनात काय चाललंय हे ध्यानात आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. एका मुक्या जनावराच्या दुखण्यावर आपण आपलं घर टेकवून ठेवतोय! मी उठलो, चपला घातल्या आणि वहिनींना म्हणालो, “वहिनी, याला डॉक्टरकडं नेऊ या.”

जनावरांचे डॉक्टर मगदूम हे दादाचे दोस्त. त्यांचा आवाज त्यांच्या दवाखान्यापेक्षा मोठा होता.

“काय देताय ह्याला खायला?” सुभेदाराच्या हिरड्या बघत त्यांनी विचारलं.

“दूध-भाकरी,” वहिनी म्हणाल्या. “कधी वरणभात. परवा खीर केली होती. तिला तोंड नाही लावलं.”

“आणि मी ते दाणे आणले होते,” मी म्हणालो. “शिवाय मी दोन पुस्तकंही वाचली. एकात दूध अजिबात देऊ नये असं आहे. दुसऱ्यात—”

“राहू दे सर ते. कुत्रं हाय का हे, का उपास धरलेलं माणूस? खिरीवर कुठं ताकद येती व्हय? अहो, ह्याच्या अंगात मांस धरायला पाहिजे. अंडं चालू करा. रोज एक, उकडून, कुस्करून भातात. पचलं की मग पुढचं सांगतो.”

अंडं म्हटल्याबरोबर वहिनींचा हात गळ्याशी गेला. वहिनी माहेरपासून माळकरी. ती तुळशीची माळ त्यांनी दोन बोटांत धरली आणि तशीच धरून ठेवली. मी ते पाहिलं. पाहिल्याचं त्यांना कळू नये म्हणून खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. तसा त्या दवाखान्यात फिनेलचा वासही फार होता.

रिक्षात बसलो. सुभेदार आमच्या दोघांच्या मध्ये, मान माझ्या गुडघ्यावर, शेपूट वहिनींकडे.

“दुसरं काहीतरी बघू या,” शेवटी वहिनी म्हणाल्या. “सोयाबीन असतं ना ते?”

“हो, हो. सोयाबीन,” मी घाईनं म्हणालो. “सोयाबीनमध्येही पुष्कळ असतं.”

त्या सुटल्यासारख्या हसल्या. मला वाटलं, बरं झालं, आपण त्यांचा धर्म सांभाळला.

सोयाबीनला सुभेदारानं वास घेण्याचासुद्धा मान दिला नाही.

तेव्हा मी ठरवलं. आयुष्यात मी फारशा गोष्टी ठरवून केलेल्या नाहीत, त्यामुळं ही नीट लक्षात आहे. कॉलेजच्या कोपऱ्यावर संध्याकाळी बुर्जीची गाडी लागायची. इतकी वर्षं मी तिच्या बाजूनं गेलो, पण थांबलो कधी नव्हतो. त्या दिवशी थांबलो, आणि आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही असं पाहून हळूच म्हणालो, “दोन उकडलेली द्या. बांधून.”

गाडीवाल्यानं मान वर केली. “सर, तुम्ही?”

तो माझ्या वाचनालयात यायचा. पुस्तकासाठी नव्हे, पंख्याखाली बसायला. मी म्हणालो, “कुत्र्यासाठी हवीत.”

“सगळे असंच म्हणतात सर,” तो म्हणाला. “मीठ-तिखट लावू का कुत्र्याला?”

डॉक्टरांनी एक सांगितलं होतं. पण एक पुस्तक म्हणत होतं की एवढ्या वजनाच्या कुत्र्याला एकानं काही होत नाही, आणि माझा माझ्यापेक्षा पुस्तकावर विश्वास जास्त. कागदात बांधलेली ती दोन अंडी मी खांद्यावरच्या शबनममध्ये दोन जाड ग्रंथांच्या मध्ये ठेवली. सुभेदाराला फिरवायला म्हणून बाहेर काढलं. गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. तिथं बाभळीआड उकिडवा बसून मी अंडं सोलायला लागलो. सोलता मला येत नव्हतं. पांढऱ्याबरोबर टरफलं, टरफलांबरोबर पांढरं निघत होतं. सुभेदार आधी माझ्याकडं बघत होता, मग अंड्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. दादा गेल्यापासून त्यानं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं. आणि मग त्यानं खाल्लं. माझ्या तळहातावरून, बोटांना दात न लागू देता खाल्लं, आणि तळहात चाटून कोरडा केला.

मला रडू आलं की काय, नक्की सांगता येत नाही. चष्मा पुसावा लागला एवढं खरं.

मग हे रोजचंच झालं. घरी येताना मी पुडीचा कागद कोपऱ्यावर टाकायचो, मोरीत जाऊन दोनदा साबणानं हात धुवायचो, आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचो. वहिनी एकदा म्हणाल्या, “भाऊजी, हल्ली तुम्ही फार हात धुता.”

“धूळ फार असते बाहेर.”

“असते खरी,” त्या म्हणाल्या आणि पोळी लाटत राहिल्या.

त्याच सुमारास वहिनींचं समोरच्या मुल्लाणी भाभींकडं दुपारचं जाणं वाढलं होतं. कसलासा विणकामाचा नमुना शिकत होत्या. सोबत सुभेदारही जायचा. मला बरंच वाटलं. तेवढाच त्यांचा जीव रमतो. विणलेलं मात्र काही दिसलं नाही.

सुभेदार भरायला लागला. आधी बरगड्या दिसेनाशा झाल्या, मग डोळ्यांत तेज आलं, मग एक दिवस पोस्टमनवर तो दादाच्या वेळेसारखा भुंकला. मी आणि वहिनी दोघंही एकदमच दारात आलो. दोघंही हसलो. आणि मग दोघांचंही हसू, कुणी सांगितल्यासारखं, एकदमच थांबलं. निदान मला तसं वाटलं.

“सुधारला हो,” वहिनी म्हणाल्या.

“सुधारला,” मी म्हणालो.

“आता वैजूला कळवायला हवं.”

मी मान हलवली. खोलीत येऊन पुस्तक उघडलं आणि एकच पान जेवणाच्या हाकेपर्यंत वाचत बसलो. संध्याकाळी गाडीशी गेलो तेव्हा वाटलं, आज एकच घ्यावं. किंवा नकोच घ्यावं. काय हरकत आहे, चार दिवस अशक्त राहिला तर? असं मनात आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सुभेदार माझ्या शबनमला नाक लावून बसला होता. मी दोन घेतली.

वैजूला कळवायची वेळ आलीच नाही. बुधवारी दुपारी सुभेदारानं अंगणात ओकारी केली. मग आणखी एकदा. पोट आत ओढून, पाठ कमानीसारखी करून तो तुळशीपाशी उभा राहिला आणि आमच्याकडं असं बघायला लागला की वहिनींनी गॅसवरचं तसंच टाकलं. त्याला दुपट्यात गुंडाळून आम्ही रिक्षात घातलं. वहिनींच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं जप चाललाय. कान दिला तर “नको रे असं करू, नको रे बाबा” एवढंच होतं.

डॉक्टर मगदूमांनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, इंजेक्शन दिलं. मग दुपट्यावर सांडलेलं काहीतरी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेलं.

“काय खाल्लं हो ह्यानं?”

“दूध-भाकरी,” वहिनी म्हणाल्या.

“दूध-भाकरी,” मी म्हणालो. “आणि सोयाबीन.”

“सोयाबीनला टरफल कधीपासनं यायला लागलं?” डॉक्टरांनी चिमूट आमच्यापुढं धरली. अंड्याच्या टरफलाचा पांढरा तुकडा होता.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. वहिनींच्या समोर, त्यांच्या माळेसमोर, आता सांगायचं होतं. मी खाली बघून म्हणालो, “मी दिलं.”

“मी दिलं,” वहिनीही म्हणाल्या. त्याच क्षणी.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं, एकदा वहिनींकडं पाहिलं. “कुणी कधी दिलं?”

“संध्याकाळी,” मी म्हणालो. “फिरायला नेतो तेव्हा. दोन.”

“दुपारी,” वहिनी म्हणाल्या. “भाभींकडं उकडून. दोन. एकानं काय होणार म्हणून. आणि भाभी वर थोडी कलेजी घालायच्या.”

दवाखान्यात कुठलासा बोकड ओरडत होता. डॉक्टर स्टुलावर बसले आणि हसायला लागले. त्यांचं पोट हलत होतं, स्टूल हलत होतं.

“आयला! चार अंडी आन् वर कलेजी! अहो वहिनी, एवढं तर मी खात न्हाई. काय व्हायचं नाही ह्याला, घाबरू नका. नुसतं अजीर्ण झालंय. दोन दिवस ताकभात, मग एक अंडं. एक! आन् कुणीतरी एकानंच द्यायचं.” डोळे पुसून ते म्हणाले, “पण एकमेकाला सांगाय काय झालं होतं तुमाला?”

डॉक्टर सुभेदाराची मान खाजवत म्हणाले, “आणि तू रं? दोन्हीकडं जेवत होतास, आन् चेहरा बघा कसा. मालकाचीच सवय. दादासाहेब ह्याला रोज संध्याकाळी ढाब्यावर नेत होते की. एक प्लेट खिमा दोघांत. घरात ठाऊक नव्हतं व्हय?”

“मला ठाऊक होतं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “शर्टाला वास यायचा. मी विचारलं नाही.”

परतीच्या रिक्षात सुभेदार आमच्या पायांशी झोपला होता. ऊन कलायला आलं होतं. मी धीर केला.

“वहिनी, मी तुमच्या माळेमुळं बोललो नाही. डॉक्टरांनी अंडं म्हटलं आणि तुम्ही माळ धरलीत. मला वाटलं, तुमच्या स्वयंपाकघरात हे कसं आणायचं.”

“माळ मी घातलीय भाऊजी. सुभेदारानं नाही.” त्या बाहेर बघत होत्या. “माळ धरली ती यांची आठवण झाली म्हणून. डॉक्टरही यांच्यासारखंच ओरडून बोलतात. आणि तुम्ही रुमाल लावलात की नाकाला.”

“फिनेलचा वास होता.”

“मला काय ठाऊक? मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं. धाकट्याला अंड्याचा वाससुद्धा सोसत नाही, भडाभडा ओकतो, तेव्हा घरात कधी आणायचं नाही. यांना आवडायचं. पण हे म्हणायचे, माझ्या भावाला त्रास नको, मी बाहेर खाईन.”

मला आठवलं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. कुठल्यातरी लग्नाहून आलो होतो, ताप होता, आणि दादानं गंमत म्हणून माझ्या तोंडात अंडं कोंबलं होतं. मी ओकलो होतो. एकदाच.

“वहिनी,” मी म्हणालो, “होस्टेलवर मी चार वर्षं रोज सकाळी ऑम्लेट खाल्लंय.”

त्यांनी सावकाश मान वळवली. “मग बोलला का नाहीत कधी?”

“मला वाटलं, घरात चालत नाही ते तुमच्यामुळं. तुमच्या माळेमुळं. दादाही बाहेर खायचा ते तुमच्यासाठीच, असं वाटायचं.”

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि मला कळेना की आपण आता हसायचं की गप्प बसायचं. म्हणून मी सुभेदाराचं दुपटं सारखं केलं.

“सगळा जन्म गेला हो बिचाऱ्यांचा ढाब्यावर,” त्या म्हणाल्या.

आमचं विश्रामबाग जवळ आलं तेव्हा त्या पुन्हा बोलल्या. आवाज वेगळा होता. “मी पुण्याला गेले की तुम्हाला जरा निवांतपणा मिळेल वाचायला. माझी सारखी भांड्यांची आदळआपट असते.”

या वाक्याला द्यायची उत्तरं माझ्याकडं पुष्कळ होती. आजही सुचतात, गेली कित्येक वर्षं अधूनमधून सुचतात. तेव्हा मात्र रिक्षा वळली, घर दिसलं, आणि मी एवढंच म्हणू शकलो, “मला निवांतपणा… फार होतो वहिनी.”

त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या सुट्टे पैसे काढत होत्या.

दोन दिवस ताकभात झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला आत गेलो तर आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच गॅसवर, एका जुन्या पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि त्यात अंडी वाजत होती. वहिनींनी एक काढून सुभेदारासाठी भातात कुस्करलं. दुसरं सोलून बशीत घातलं, वर मीठ-मिरपूड भुरभुरली आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

“सांभाळून हं,” त्या म्हणाल्या. “ओकाल.”

रविवारी फोन वाजला. मी खोलीत, पुस्तक डोळ्यांसमोर. सुभेदार माझ्या उंबऱ्यात आडवा, पोट वर, चारी पाय हवेत, भोपळ्यासारखा भरलेला.

“हो गं, बोलते… कोण, सुभेदार?” वहिनी थांबल्या. मी पुस्तकाच्या कडेवरून पाहिलं. त्या सुभेदाराकडं बघत होत्या. सुभेदारानं एक ढेकर दिली. “काय सांगू तुला. तोळामासा आहे बघ त्याची तब्येत. परवाच रात्रंदिवस धावपळ झाली… हो ना, सुधारलाय असं वाटत होतं, पण पोटच धरत नाही… नाही गं, मी खोटं कशाला सांगू? बरं, विचार. घे, विचार तुझ्या काकांनाच.”

त्यांनी रिसीव्हर माझ्याकडं धरला. चेहरा पूर्ण कोरा होता. फक्त दोन बोटं माळेवर होती.

वैजूला माझा स्वभाव ठाऊक. लहानपणी तिच्या चिंचा चोरल्याची साक्ष मीच देऊन टाकली होती. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही तरी खरं सांगा. आई उगाच लांबवतेय. सुभेदार कसा आहे?”

सुभेदार उठला होता. माझ्याजवळ आला आणि शेपटीनं खुर्चीचा पाय बडवायला लागला. धप, धप, धप. तो आवाज फोनवर जाऊ नये म्हणून मी त्याची शेपूट हातात धरली.

जन्मभर मला कुठल्याच गोष्टीची खात्री वाटली नाही. कुठलं पुस्तक बरं, कुठली पिशवी घ्यावी, कुणाशी केव्हा काय बोलावं. त्या क्षणी वाटली.

“वैजू,” मी म्हणालो, “मला काही लक्षण ठीक दिसत नाही. पथ्य कडक आहे. आणि अंडं मला नीट सोलता येत नाही. तुझ्या आईशिवाय हे निभणार नाही.”

वैजू हळू आवाजात म्हणाली, “बरं काका. मग आम्हीच येतो सुट्टीत.” ती माझ्या भावाची मुलगी. तिला काय कळलं असेल ते असेल. तिनं विचारलं नाही.

मी रिसीव्हर ठेवला, शेपूट सोडली. वहिनी आत निघून गेल्या होत्या. थोड्या वेळानं भांड्यांची आदळआपट सुरू झाली.

त्यानंतर सुभेदार सात वर्षं आजारी होता. खात होता, भुंकत होता, पोस्टमनला गेटाबाहेर ठेवत होता, वैजूच्या मुलीला पाठीवर घेऊन अंगणभर हिंडत होता, आणि दर रविवारी फोनवर आजारी होता. शेवटी म्हातारा होऊन दादाच्या खुर्चीखाली झोपेत गेला. त्याला आम्ही अंगणात पुरलं. त्या रविवारी फोन वाजला तेव्हा वहिनी उचलायला उठल्या नाहीत, आणि मीही उठलो नाही. वाजून वाजून तो थांबला. मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघंही घरभर एकमेकांना टाळत हिंडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी बाहेरून हाक मारली. मुल्लाणी भाभींच्या जिन्याखाली कुत्री व्यालेली होती. त्यातलं एक काळं पिलू वहिनींच्या हातात होतं. टणक, गोल, पोट टम्म, आणि आवाज असा की गल्ली जागी व्हावी. ते माझी बाही ओढून फाडायच्या बेतात होतं.

वहिनींनी त्याला उजेडात धरलं आणि काळजीनं न्याहाळलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हे जरा अशक्त वाटतंय, नाही?”

मी चष्मा पुसला. डोळ्यांना लावला. पिलाला नीट पाहिलं.

“फारच,” मी म्हणालो.